मामा धर्मपिता होतात

मामा खरेखुरे मामा झाले, त्याच्या सहा महिने आधीपासूनच सगळी गल्ली त्यांना मामा म्हणत होती. धाकट्या बहिणीला दिवस गेल्याचं कळलं, त्याच दिवशी त्यांनी आपलं जुनं नाव टाकून दिलं. बसच्या कंडक्टरला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात ते बावीस वर्षं चादरींच्या घड्या घालत होते. तिथे तर त्यांनी एकेकाला दंडाला धरून बजावलं, "आता मला मामा म्हणायचं." जुन्या नावाने कुणी हाक मारली तर ते ओ देत नसत. शेवटी बाळ जन्माला यायच्या आधीच जगाने हार मानली.

त्यामुळे त्या गुरुवारी चर्चच्या मागच्या हॉलचं दार धाडकन उघडलं आणि मामा धुलाईघराचा निळा एप्रन घालूनच आत घुसले, तेव्हा पाळकबाईंना काही विचारावं लागलं नाही.

"झाली! बाई, झाली! मुलगी! तीन किलो चारशे!"

हॉलमध्ये लांब टेबलाभोवती अकरा जण बसले होते. गुरुवारची मंडळी म्हणतात ती हीच. कुणाला वाचता येत नव्हतं, कुणाला नीट बोलता येत नव्हतं, एका बाईंचं तर सगळं बोलणं टाळ्यांमधूनच चालायचं. सगळी मोठी माणसं, सगळे चर्चचे सभासद, आणि प्रत्येकाच्या फाईलवर कुठल्या ना कुठल्या डॉक्टरने बुद्धीच्या वाढीबद्दल काहीतरी लिहून ठेवलेलं. ती बातमी ऐकल्यावर सगळे उठले. टाळीताईंनी टाळ्यांचा कडकडाट सुरू केला, दोघे मामांच्या गळ्यात पडले, कुणाचा तरी पेला कलंडला. त्या दिवशीचा पाठ धीर धरण्याविषयी होता. तो तसाच राहिला.

पाळकबाईंना या चर्चमध्ये येऊन आठ महिने झाले होते. सुरुवातीला लोक दारावर येऊन विचारत, "पाळकसाहेब आहेत का घरात?" त्या म्हणत, "पाळक मीच. साहेब कुणी नाहीत." धर्मशिक्षणात त्या ग्रीक आणि हिब्रू दोन्हींत पहिल्या आल्या होत्या, आणि पहिल्या गुरुवारी त्यांना त्या दोन्ही भाषांचा काडीचा उपयोग झाला नाही. घाबरून त्यांनी सगळ्यांशी लाडे लाडे, बालवाडीतल्यासारखं बोलायला सुरुवात केली. मामांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मग काळजीने विचारलं, "बाई, तुमचा घसा दुखतोय का?" त्या दिवसापासून त्या सगळ्यांशी आपल्या नेहमीच्या आवाजात बोलू लागल्या, आणि सगळ्यांना अहो-जाहो करू लागल्या.

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा मामांची बहीण बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आली. बरोबर नवरा आणि सासूबाई. बाळ सासूबाईंच्या मांडीवर. तारीख झटकन ठरली, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार. मग पाळकबाईंनी सहज विचारलं, "धर्मपिता कोण होणार?"

"दादा," बहीण म्हणाली.

सासूबाईंनी श्वास आत ओढला. तो आवाज खोलीभर ऐकू गेला.

"बाई, तुम्हीच समजवा हिला," त्या म्हणाल्या. "माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. साधा जीव आहे. पण धर्मपिता म्हणजे काही शोभेचं पद आहे का? बाळाला हातात घेऊन उभं राहायचं, देवासमोर वचन द्यायचं. उद्या हातातून निसटली म्हणजे? आणि वचनाचा अर्थ तरी कळणार आहे का त्याला?"

"आई, तुम्ही त्याला आजवर बाळ हातात घेऊ दिलेलं नाही," बहीण म्हणाली. "एकाच घरात राहतो तो. तीन आठवडे दारात उभा राहून नुसता बघतोय."

"मग काय! तान्हं आहे ते. चादरीची घडी नव्हे."

नवरा बिचारा दोघींच्या मध्ये बसला होता. इकडे आड, तिकडे विहीर. तो टेबलावरचं पेन हातात घेऊन त्याचं टोक न्याहाळत राहिला. शेवटी बहिणीचा आवाज चढला. "आमची आई गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. रोज सकाळी मला शाळेच्या बसमध्ये कोण बसवत होतं? ऊन असो, थंडी असो, बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्यावर कोण उभं राहत होतं? मला माझ्या मुलीसाठी दुसरं कुणी नको."

पाळकबाईंनी विचार करून सांगते म्हटलं. सासूबाईंच्या तोंडून जो प्रश्न आला, तोच त्यांच्याही मनात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं. मामा खुर्चीच्या टोकावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळ्यांत दिवे लागलेले.

"मामा, धर्मपिता व्हायचंय तुम्हाला?"

"हो!"

"देवासमोर वचन द्यावं लागेल. द्याल?"

"हो!"

"बाळासाठी रोज प्रार्थना कराल?"

"हो! हो!"

पाळकबाई जरा थांबल्या. मग त्यांनी जे विचारलं, त्याची त्यांना नंतर लाज वाटली. "आणि बाळाला चंद्रावर घेऊन जाल?"

"हो!" मामा आनंदाने ओरडले.

झालं. घोडं नेमकं इथेच अडलं. मामा आनंदाच्या भरात कशालाही हो म्हणणार, आणि अशा 'हो'ला वचन कसं म्हणायचं? रविवारी दोनशे माणसांसमोर त्यांच्याकडून पोपटासारखं वदवून घ्यायचं, आणि सगळ्यांनी कौतुकाने माना डोलवायच्या? ते काही त्यांच्या मनाला पटेना. तसं करायचं तर नाही म्हणणं जास्त प्रामाणिक. पण नाही कुणाला म्हणायचं? या डोळ्यांना?

त्या तडक धुलाईघरात गेल्या. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर ती खोली होती. दारातूनच वाफेचा लोट अंगावर आला. यंत्रं घरघरत होती, चाकांच्या गाड्यांमधून पांढऱ्या कपड्यांचे डोंगर इकडून तिकडे चालले होते. मुकादम ही पन्नाशीची, आडव्या बांध्याची बाई होती, खणखणीत आवाजाची. यंत्रांच्या आवाजाच्या वर बोलायची सवय लागलेली.

"मामाबद्दल विचारायला आलात? अहो, मग त्याला कशाला विचारलंत?" ती म्हणाली. "प्रश्न विचारला की तो तुमच्या तोंडाकडे बघतो आणि तुम्हाला काय आवडेल ते बोलतो. आपण सगळे थोडेफार तेच करतो म्हणा. त्याला काम द्या आणि मग बघा. या इकडे."

तिने कपाटांच्या मागच्या कोपऱ्यात नेलं. जेवणाची सुट्टी होती. मामा पाठमोरे उभे होते आणि त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते एका हाताने त्याचं डोकं सावरत होते आणि हळूहळू, पाऊल मोजत, खिडकीपर्यंत जाऊन परत येत होते.

"ते काय आहे?" पाळकबाईंनी कुजबुजत विचारलं.

"भाची," मुकादम म्हणाली. "दोन चादरी, चार टॉवेल, आत उशीचा अभ्रा. पहिल्या दिवशी काट्यावर ठेवून बरोबर तीन किलो चारशे केलं. नर्स घरी येऊन बाळाचं वजन करते ना, ते हा पाठ करून येतो आणि तेवढे नॅपकिन वाढवतो. आज चार किलो शंभर आहे. तीन आठवडे रोज अर्धा तास. डबा उभ्याउभ्या खातो. पहिल्या आठवड्यात दोनदा पाडलं. दोन्ही वेळा खाली बसून रडला. त्यानंतर एकदाही नाही."

मामांनी वळून पाहिलं. पाळकबाई दिसताच ते दचकले नाहीत, की हसले नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलीय," ते म्हणाले.

पाळकबाई धुलाईघरातून बाहेर पडल्या तेव्हा त्यांची पावलं जमिनीला लागत नव्हती. पकडायचं आणि सावरायचं कसं हा प्रश्न तर सुटलाच होता, आणि वचनाच्या प्रश्नाचंही काहीतरी होईल असं त्यांना उगीचच वाटू लागलं होतं. त्यांनी ठरवलं, मामांना आता हो-नाहीचा एकही प्रश्न विचारायचा नाही. जे सांगायचं ते करून दाखवायचं.

म्हणून पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये बाप्तिस्म्याची तालीम झाली. मामांनी धुलाईघरातून चार किलो तीनशेची भाची आणली होती. टेबलावर पाण्याचं भांडं ठेवलं. आई कोण, बाबा कोण, यावरून आधी पंधरा मिनिटं वाद झाला. मग पाळकबाईंनी वचनाचा एकेक भाग घेतला. प्रार्थना करायची म्हणजे काय? सगळ्यांनी डोळे मिटून बाळासाठी काहीतरी मागितलं. एकाने मागितलं, तिला पोहता येऊ दे. वाट दाखवायची म्हणजे काय? दोघे जण एकमेकांचा हात धरून खुर्च्यांमधून वाट काढत गेले. पाठीशी उभं राहायचं म्हणजे काय? मामा सरळ जाऊन टाळीताईंच्या मागे उभे राहिले, इतके जवळ की त्यांना वळताही येईना.

"किती वेळ उभं राहायचं?" मामांनी विचारलं.

"तिला गरज असेल तोवर," पाळकबाई म्हणाल्या.

मामा उभे राहिले. बाकीचा खेळ पुढे सरकला तरी ते तिथेच होते. टाळीताईंनी तीनदा मागे वळायचा प्रयत्न केला, मग हसून जोरात एक टाळी वाजवली, तेव्हा मामा हलले.

नंतर सगळ्यांनाच बाप्तिस्मा हवा झाला. तुमचा लहानपणीच झालाय, असं पाळकबाईंनी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनी आठवण म्हणून प्रत्येकाच्या कपाळाला पाण्याचं बोट लावलं, आणि मग कुणीतरी त्यांच्याही कपाळाला लावलं, आणि मग भांडंच उलटलं. फरशी पुसताना पाळकबाई इतक्या हसत होत्या की त्यांना उठता येईना.

त्याच संध्याकाळी त्यांनी बहिणीच्या घरी जाऊन सांगितलं, "मामाच धर्मपिता होतील." मग धुलाईघरात काय पाहिलं तेही सांगितलं. बहिणीने पदर तोंडाला लावला. नवरा पहिल्यांदाच बोलला, "तरी म्हटलं, दादा रोज नर्सच्या मागे का लागतो." सासूबाईंनी मांडीवरच्या बाळाचं दुपटं नीट केलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण मी शेजारी उभी राहणार. हात खाली धरून."

"धरा की," पाळकबाई म्हणाल्या.

रविवार उजाडला. चर्चचे बाक गच्च भरले होते. गुरुवारची मंडळी पहिल्या रांगेत, एरवी जिथे पंचकमिटी बसते तिथे. पंचकमिटीचे चिटणीस दुसऱ्या रांगेत सरकले होते, कारण टाळीताईंना हलवणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं. धुलाईघराची मुकादम आयुष्यात पहिल्यांदाच चर्चमध्ये आली होती आणि कुठे उभं राहायचं, कुठे बसायचं हे शेजाऱ्याकडे बघून करत होती. मामांनी नवा करडा कोट घातला होता. केस पाण्याने चापून बसवलेले. पहाटे चारपासून ते तयार होऊन बसलेत, असं बहिणीने दारातच सांगितलं.

बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाजवळ सगळे उभे राहिले. बहिणीने बाळ मामांच्या हातात दिलं. खरं बाळ, पहिल्यांदा. सासूबाईंचे दोन्ही हात झोळीसारखे खाली आले. मामांचा डावा हात मानेखाली गेला, उजवा पाठीखाली, बाळाचं डोकं कोपराच्या खळग्यात बसलं. बाळाने एकदा तोंड वेडंवाकडं केलं आणि जांभई दिली. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांचे हात तसेच राहिले, पण खांदे जरा खाली आले.

पाळकबाईंनी आधी आईबाबांना विचारलं. त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं. मग त्या मामांकडे वळल्या.

"या बाळासाठी तुम्ही प्रार्थना कराल, तिला देवाची वाट दाखवाल आणि तिच्या पाठीशी उभे राहाल, असं वचन तुम्ही देता का?"

मामांनी बाळाला छातीशी जरा वर घेतलं.

ऑफिसात ते याच प्रश्नाला छत हलेल असं 'हो' ओरडले होते. आता ते बाळाकडे बघत होते. पाच सेकंद गेले. दहा गेले. मागून कुणीतरी खोकलं. सासूबाई ओठ न हलवता पुटपुटल्या, "मी म्हणत नव्हते?" बहिणीने घाबरून पाळकबाईंकडे पाहिलं. हो म्हणा मामा, नुसतं हो म्हणा, हे शब्द पाळकबाईंच्या अगदी जिभेवर आले होते. त्यांनी ते गिळले.

मामांनी मान वर केली.

"कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"काय, मामा?"

"पाठीशी उभं राहायचं. कधीपर्यंत?"

दोनशे माणसं ऐकत होती. पाळकबाईंनी पुस्तक मिटलं. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

"ती मोठी होईपर्यंत," त्या म्हणाल्या. "आणि मोठी झाल्यावरही."

मामांनी विचार केला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. ते मनात काहीतरी मोजत होते.

"ती मोठी होईल तेव्हा मी म्हातारा असेन."

"हो. असाल."

"आमच्यासारखे लवकर म्हातारे होतात. डॉक्टर म्हणाले."

बहिणीचा हात तोंडावर गेला. मामांनी हे ऐकलंय, त्यांच्या लक्षात आहे, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत ते खिडकीबाहेर गाड्या मोजत बसायचे. पाळकबाईंनी नजर काढून घेतली नाही.

"हो, मामा. तसं होऊ शकतं."

मामांनी पुन्हा बाळाकडे पाहिलं, मग पाळकबाईंकडे, आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला, बस चुकता चुकता मिळालेल्या माणसासारखा.

"मग आत्तापासूनच सुरू करायला पाहिजे!" ते म्हणाले. "बाई, वेळ नाही! हो! देतो वचन! हो!"

दुसरा 'हो' छताला जाऊन आदळला. बाळ दचकलं, पण रडलं नाही. पहिल्या रांगेत टाळीताई ताडकन उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळ्यांचा जो सपाटा लावला, त्याने गुरुवारची मंडळी उठली, मुकादम उठली, आणि बघता बघता सगळं चर्च उभं राहिलं. उपासनेच्या मध्येच टाळ्या वाजवायची इथे पद्धत नव्हती. चिटणीससाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग तेही वाजवू लागले.

पाळकबाईंनी कुंडातलं पाणी ओंजळीत घेतलं. थोडं मामांच्या नव्या कोटावर सांडलं. त्यांनी बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी शिंपडलं, तिचं नाव घेतलं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा दिला. आपला आवाज इतका मोठा निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उपासना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये चहा होता. सगळे तिकडे गेले, धर्मपित्याचा मात्र पत्ता नाही. पाळकबाई शोधत चर्चमध्ये परत आल्या. मामांनी सांगितलं होतं तसंच सुरू केलं होतं. बाळ छातीशी धरून ते एकेका वस्तूसमोर थांबत होते आणि तिला ओळख करून देत होते.

"हा खांब. हे पुस्तक, जड असतं, तू उचलू नको. ही खिडकी. ऊन इकडून येतं. ते देवाचं आहे."

सासूबाई दोन पावलं मागून चालत होत्या. आता त्यांचे हात बाळाखाली नव्हते, कारण एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्यात बशी.

"अहो मामा," त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय. दोन घोट घ्या आणि मग सांगा तिला."

"थांबा," मामा म्हणाले. "अजून दिवे राहिलेत."

सासूबाई थांबल्या. पाळकबाईही दारातच थांबल्या. मामांनी मान वर करून छताकडे पाहिलं आणि पहिल्या दिव्यापासून सुरुवात केली.